नोकरी, घर आणि आपण: नाशिकच्या बायका वारंवार विचारतात ते प्रश्न

नाशिक शहर, सिन्नर, निफाड, दिंडोरी या भागातल्या मुली आणि बायका घर-कामाच्या ओढाताणीबद्दल मला जे विचारत असतात, ते इथे एकत्र केलं आहे. वयाप्रमाणे प्रश्न बदलतात, पण एकाच वयाच्या बायकांचे प्रश्न फार सारखे असतात. आधी मूळ प्रश्न, मग पहिल्या नोकरीपासून निवृत्तीपर्यंतचे टप्पे, आणि शेवटी नेहमीच्या चौकटीत न बसणाऱ्या परिस्थिती. तुमचा टप्पा जिथे असेल तिथून वाचायला सुरुवात केली तरी चालेल.

१. समतोल म्हणजे नेमकं काय? घर आणि नोकरी दोन्हींना सारखा वेळ देणं?

नाही. रोजचा हिशेब मांडला तर तो कधीच जुळत नाही आणि बाई रोज स्वतःला नापास करत राहते. मोठा तुकडा घ्या: महिना, हंगाम, वर्ष. अकाउंट्समध्ये काम करणारी बाई मार्चअखेरीस घरी कमी दिसणारच, आणि दिवाळीच्या आठवड्यात तिचं निम्मं लक्ष घराकडे असणारच. यात बिघडलेलं काही नाही.

बिघडलं आहे हे ओळखायला मी दोन गोष्टी विचारते. झोप पुरते का? आणि आठवड्यात असा थोडा तरी वेळ आहे का, की ज्यात कोणी हाक मारली तर तुम्ही "नंतर" म्हणू शकता? दोन्हींचं उत्तर सलग काही महिने "नाही" येत असेल, तर घरातली कामाची वाटणी नव्याने करायची वेळ आली आहे. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे: ही वाटणी एकदा करून आयुष्यभर पुरत नाही. लग्न, बाळ, दहावी, सासऱ्यांचं आजारपण, निवृत्ती, प्रत्येक वळणावर घरातल्या सगळ्यांनी बसून ती पुन्हा करावी लागते. एकट्या बाईने मनातल्या मनात केलेली वाटणी टिकत नाही.

२. हे प्रश्न बाईलाच का पडतात? माझ्या नवऱ्याला तर कोणी विचारत नाही, "घर कसं सांभाळता?"

कारण घरकामाचे तास तिच्याच नावावर आहेत. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवतात असं दिसलं, आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं. म्हणजे जवळपास पाच तास आणि दीड तास. मुलांची आणि म्हाताऱ्यांची देखभाल यात धरलेली नाही, ती वेगळी.

पण मिनिटांत न मोजलं जाणारं ओझं मला जास्त जड वाटतं. गॅस कधी संपेल, पोरीच्या सहलीचे पैसे कधी भरायचे, पोळ्यावाल्या मावशी उद्या येणार नाहीत, सासूबाईंच्या गोळ्या चारच उरल्या आहेत, हे सगळं सतत डोक्यात कोण ठेवतं? नवरा "सांग, काय करू?" म्हणतो तेव्हा तो मदत करत असतो. सांगण्याचं काम तुमच्याकडेच राहतं. म्हणून वाटणी करताना सुटी कामं वाटू नका, पूर्ण खाती वाटा. "आज भाजी आण" याऐवजी "भाजी तुझ्याकडे": काय संपलंय ते बघणं, आणणं, निवडणं, फ्रिजमध्ये लावणं, सगळं. पहिले काही आठवडे तो चुकीची मेथी आणेल. आणू द्या.

३. ताई, अंबडच्या औद्योगिक वसाहतीत पहिलीच नोकरी आहे. रोज सुटताना साहेब "जरा थांब" म्हणतात. नाही कसं म्हणू?

"नाही" म्हणण्याआधी "कधी" सांगायला शिका. "सर, हे उद्या अकरापर्यंत देते" हे वाक्य बहुतेक वेळा पुरतं. आठवड्यातले कोणते दिवस थांबू शकता हे तुम्हीच आधी सांगितलंत, तर बाकीचे दिवस मागणं त्यांनाही जड जातं. पहिल्या दोन वर्षांत थोडं जास्त काम करून शिकून घ्यावं असं माझं प्रामाणिक मत आहे. पण काम शिकायला थांबणं वेगळं आणि साहेब निघत नाहीत म्हणून बसून राहणं वेगळं.

रात्रीच्या कामाची गोष्ट निराळी. संध्याकाळी ७ नंतर आणि सकाळी ६ च्या आधी बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते आणि सुरक्षिततेची व्यवस्था मालकाने करायची असते. औद्योगिक वसाहतीतल्या आतल्या रस्त्यांवर रात्री रिक्षा मिळत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा "घरी सोडायची गाडी कोणती?" हे पाळी बदलण्याआधी विचारा आणि उत्तर ई-मेलवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर घ्या. थांबवून घेण्यामागे कामापेक्षा वेगळा हेतू जाणवत असेल, तर दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्याने अंतर्गत समिती असायलाच हवी. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते. दहापेक्षा कमी माणसं असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे.

४. लग्न ठरतंय. सासरचे म्हणतात, "नोकरी करायला आमची काही हरकत नाही." एवढं पुरेसं आहे का?

नाही पुरत. "हरकत नाही" म्हणजे तुम्ही घरचं सगळं करून उरलेल्या वेळात नोकरी केलीत तर चालेल, असाही अर्थ निघतो, आणि लग्नानंतर बऱ्याचदा तोच निघतो. बघण्याच्या कार्यक्रमात पगार, पॅकेज, पत्रिका सगळं विचारलं जातं. सकाळचे डबे कोण करणार, हे मात्र कोणी विचारत नाही. तुम्ही विचारा. मुलाला एकट्याला भेटाल तेव्हा विचारा, घरच्या बैठकीत नको. तिथे तो वडिलांच्या तोंडाकडे बघून उत्तर देईल.

मी मुलींना हे बोलून घ्यायला सांगते: आत्ता तुझ्या घरी सकाळी कोण काय करतं? तू काय करतोस? माझी बदली झाली किंवा पुण्याला चांगली संधी आली तर आपण काय करू? माझ्या पगारातून माझ्या आईबाबांना काही द्यायचं असेल तर? मूल झाल्यावर पहिली दोन वर्षं कशी काढायची असं तुला वाटतं? उत्तरं जुळलीच पाहिजेत असं नाही. तो विचार करून बोलतोय का, की "बघू, होईल सगळं" म्हणून विषय बदलतोय, यावरून बरंच कळतं. घरातलं एकही काम त्याला नेमकं सांगता आलं नाही तर तेही लक्षात ठेवा.

एक व्यवहाराची गोष्ट. लग्नानंतर नाव बदलणार असाल तर पॅन, आधार, बँक आणि भविष्यनिर्वाह निधी या सगळीकडे एकच नाव राहील असं बघा. नाव न बदलताही लग्न, बँक, पासपोर्ट सगळं होतं. कोणी घाबरवलं तर घाबरू नका.

५. गरोदर आहे. कामावर कधी सांगू, आणि रजा नक्की किती मिळते?

डॉक्टरांनी पहिली सोनोग्राफी करून सगळं ठीक आहे असं सांगितलं, की वरिष्ठांना सांगून टाका. अवजड उचलणं, रसायनांचा वास, सतत उभं राहणं असं काम असेल तर त्याआधीच सांगा.

दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे पगारी रजा आहे. त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाच्या आधी घेता येतात. दोन मुलं हयात असतील तर पुढच्या बाळंतपणाला १२ आठवडे. अट एकच: प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत तिथे किमान ८० दिवस काम झालेलं हवं. गर्भपात झाला तर ६ आठवडे रजा आहे, आणि ही फार बायकांना माहीत नसते. त्या दुसऱ्या दिवशी कामावर येऊन बसतात. गरोदरपणामुळे किंवा बाळंतपणामुळे आजारपण आलं तर आणखी एक महिना मिळतो. या तरतुदी १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीने वाढल्या आणि सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही आहेत. या रजेच्या काळात कामावरून काढणं बेकायदा आहे.

आता हिशेब. आधीचे ८ आठवडे पूर्ण घेतले तर बाळंतपणानंतर १८ उरतात, म्हणजे परत जाताना बाळ साधारण सव्वाचार महिन्यांचं असतं. म्हणून बऱ्याच जणी शेवटपर्यंत कामावर जातात. डॉक्टरांची हरकत नसेल तर जा. पण रक्तदाब वाढलेला असताना आठवडे वाचवू नका.

६. मी ठेकेदारामार्फत कामाला आहे. कंपनी म्हणते तू आमची नाहीस, ठेकेदार म्हणतो रजा नाही.

रजा आहे. कायद्यातल्या व्याख्येत थेट नेमलेली आणि मध्यस्थामार्फत नेमलेली, दोन्ही बायका येतात. पगारचिठ्ठीत कामगार विम्याची कपात दिसते का ते बघा. सध्या महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना ही योजना लागू आहे, आणि मग २६ आठवड्यांचा पैसा ठेकेदाराच्या खिशातून जातच नाही. तो राज्य कामगार विमा महामंडळ देतं. त्यासाठी आधीच्या दोन अंशदान कालावधींत (वर्गणीच्या सहा-सहा महिन्यांच्या टप्प्यांत) मिळून किमान ७० दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. सातपूर-अंबडच्या बायकांनी आपला विमा क्रमांक लग्नपत्रिकेइतका जपून ठेवावा असं मी नेहमी सांगते, कारण ठेकेदार बदलला तरी क्रमांक तोच राहतो.

७. रजा संपत आली. बाळाला सोडून जाववत नाही. नोकरी सोडू का?

हा मला सर्वात जास्त वेळा येणारा प्रश्न आहे, आणि तो बहुतेक वेळा रात्री येतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: या महिन्यात निर्णय घेऊ नका. झोप अर्धवट, शरीर अजून सावरतंय, छातीत दूध दाटलेलं, अशा वेळी घेतलेला राजीनाम्याचा निर्णय पुढे बदलणं अवघड असतं. आधी जाऊन बघा. तीन-चार महिने काम करून मग सोडावंसं वाटलं, तर तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय असेल.

जाण्याआधीची तयारी मात्र नीट करा. कामावर जायच्या तारखेच्या पंधरा-वीस दिवस आधीपासून बाळाला दुसऱ्या माणसाच्या हातून वाटी-चमच्याने दूध प्यायची सवय लावा. काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास टिकतं, फ्रिजमध्ये चार दिवस. एप्रिल-मेच्या नाशिकमध्ये खोली २५ अंशांची नसतेच, तेव्हा उन्हाळ्यात सरळ फ्रिज. कामावर बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसाला दोन वेळा दूध पाजण्यासाठी किंवा काढण्यासाठी सुट्टी मिळते. जेवणाची सुट्टी त्यात धरायची नाही. पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघराची सोय हवी आणि दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊ दिलं पाहिजे. रजेनंतर काही दिवस घरून काम करण्याचाही मार्ग कायद्यात आहे, पण तो दोघांच्या संमतीवर चालतो. म्हणून तो परत जायच्या दिवशी मागू नका, महिनाभर आधी मागा.

पाळणाघर निवडताना भिंतीवरची चित्रं बघू नका. दुपारी न सांगता जा. किती बाळांमागे एक मावशी आहे, बाथरूम कोरडं आहे का, आणि तुम्ही दारात असताना आतून रडण्याचा आवाज आला तर कोणी उठतं का, ते बघा.

आणखी एक गोष्ट, गंभीर. बाळंतपणानंतर दोन आठवड्यांहून जास्त सतत रडू येत असेल, बाळाजवळ जावंसं वाटत नसेल, स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, तर हा नोकरीचा प्रश्न नाही. लगेच डॉक्टरकडे जा. टेली मानस ही सरकारी मोफत हेल्पलाइन १४४१६ वर दिवसरात्र चालू असते. यात लाज वाटण्यासारखं काहीही नाही, आणि उपचाराने बायका पूर्ण बऱ्या होतात.

८. सासूबाई बाळ सांभाळतात. पण त्या थकतात, मग घरात धुसफूस. काही बोलायला गेलं की "मग ठेव पाळणाघरात."

त्या बरोबर बोलत आहेत. साठीतल्या बाईने रांगत्या मुलामागे दहा तास धावणं हे काम आहे, आणि कष्टाचं काम आहे. तिला आठवड्यातून पूर्ण सुट्टी हवी, दुपारी दोन तास मोकळे हवेत, धुण्या-भांड्यांना बाई हवी. शक्य असेल तर अर्धा दिवस पाळणाघर आणि अर्धा दिवस आजी हे मला सर्वात चांगलं चाललेलं दिसतं. बाळाला साखर द्यायची की नाही यावर वाद घालायचा असेल तर एकच मुद्दा निवडा, खरोखर महत्त्वाचा, आणि तो नवऱ्याला त्याच्या आईशी बोलू द्या. बाकीचं सोडून द्या. आजी म्हणून याच जागी तुम्ही असाल तर प्रश्न १४ वाचा.

९. मुलाची दहावी आहे. वर्षभर बिनपगारी सुट्टी घेऊ का? मैत्रिणींनी घेतली.

वर्षभर नको. परीक्षेचे आठवडे आणि त्याआधीचा महिना पुरतो. उरलेलं वर्ष आई घरात बसून त्याच्याकडे बघत राहिली तर मुलाचा अभ्यास वाढतो असं मी पाहिलेलं नाही, ताण मात्र दोघांचा वाढतो. कॉलेजरोड-गंगापूररोडच्या क्लासला ने-आण हेच मुख्य काम असेल, तर त्यावर सुट्टीपेक्षा स्वस्त उपाय आहेत: दोन-तीन पालकांनी वार वाटून घेणं, मुलाला बसने जायची सवय लावणं. सरकारी नोकरीत असाल तर बालसंगोपन रजा नेमकी अशाच वेळेसाठी आहे. राज्य सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना संपूर्ण सेवेत १८० दिवस, केंद्राच्या कर्मचाऱ्यांना ७३० दिवस, मूल १८ वर्षांचं होईपर्यंत. ती सगळी लहानपणीच संपवू नका.

१०. घरून काम करते. घरच्यांना वाटतं मी रिकामीच आहे.

दार असलेली जागा हवी. वेगळी खोली नसेल तर बेडरूमचा कोपरा चालेल, पण कामाच्या तासांत दार बंद. स्वयंपाकघराच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवलात तर कुकरच्या शिट्ट्या मोजण्याचं काम तुमच्याकडेच येणार. कुरिअर, दूधवाला, गॅस यांच्यासाठी दार कोण उघडणार हे रोज सकाळी ठरवा. घरातल्यांना एकदा तुमची मीटिंग कशी चालते ते शेजारी बसवून दाखवा. सासऱ्यांनी एकदा पाहिलं की बराच फरक पडतो.

११. मुंबईला चांगली नोकरी मिळतेय. पंचवटी एक्स्प्रेसने रोज अप-डाऊन जमेल का?

जमणाऱ्या बायका आहेत. गाडीच्या डब्यात भाजी निवडली जाते, भिशी चालते, वाढदिवस साजरे होतात, आणि त्या मैत्रीचा आधार मोठा असतो. पण गाडी नाशिकरोडहून सकाळी सातच्या सुमारास सुटते आणि एका बाजूला साडेतीन तासांच्या आसपास जातात. घरी परतेपर्यंत दहा. हे तुम्ही वर्ष-दोन वर्षं, हातात काहीतरी ठोस येणार असेल म्हणून करू शकता. मूल तीन वर्षांच्या आतलं असेल किंवा घरात आजारी माणूस असेल तर मी नको म्हणेन. आठवड्यातले दोन दिवस घरून काम मिळत असेल तर पुन्हा विचार करा, गणित खूप बदलतं. सिन्नर, निफाड, ओझर इथून नाशिकला येणाऱ्यांचं ओझं वेगळं. त्यांना एसटीत मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे, पासआधी तेही मांडून बघा.

१२. सात वर्षांचा खंड पडलाय. आता कोण घेणार मला?

घेतात, पण सोडलेल्या पायरीवर लगेच नाही. पहिली नोकरी थोड्या कमी पगाराची आणि घराजवळची घ्या, वर्षभराने बदला. खंड लपवू नका. "२०१८ ते २०२५, मुलांचं संगोपन" असं बायोडेटात सरळ लिहा आणि त्याखाली त्या काळात केलेलं काहीही: सोसायटीचे हिशेब, शिकवण्या, बचत गटाचं काम. टॅली, जीएसटी, एक्सेल यांतलं आपल्या क्षेत्राचं जे बदललं असेल ते आधी शिकून घ्या.

खंड घेणार असाल त्यांच्यासाठी एक कळकळीचं सांगणं. नोकरी सोडताना भविष्यनिर्वाह निधी काढून टाकू नका. पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आत काढला तर कर लागू शकतो, आणि निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची सेवा लागते. आधीची सहा वर्षं खात्यात तशीच ठेवली तर परतल्यावर चारच उरतात. मुलाचा वाढदिवस आणि सोफासेट यासाठी बायकांनी आपलं म्हातारपण मोडलेलं मी बघते तेव्हा फार वाईट वाटतं.

१३. वय ४७. रात्री घाम, झोप नाही, मीटिंगमध्ये शब्द आठवत नाहीत. मी कामाला नालायक झालेय का?

नाही. ही रजोनिवृत्तीच्या आधीची वर्षं असू शकतात, आपल्याकडे बऱ्याच जणींना चाळिशीच्या मध्यापासून ती सुरू होतात. पाळी सलग १२ महिने आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं धरतात. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनची तपासणी आधी करून घ्या, कारण त्यांचीही लक्षणं अशीच असतात. पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर थांबू नका, स्त्रीरोगतज्ज्ञाकडे लगेच जा.

या वयात बायका बढती नाकारतात आणि कारण "घरची जबाबदारी" असं सांगतात. खरं कारण झोप नसणं हे असतं. औषधोपचार आहेत, ते घ्या आणि मग बढतीचं ठरवा. महत्त्वाच्या बैठका सकाळी ठेवा, पंख्याखालची जागा मागून घ्या, सगळं लिहून ठेवा. पाळीच्या रजेबद्दलही विचारलं जातं. बिहार सरकार १९९२ पासून आपल्या महिला कर्मचाऱ्यांना महिन्याला दोन दिवस देतं. खासगी नोकरीत तुमच्या कंपनीचं धोरण असेल तेच.

१४. आत्ताच निवृत्त झाले. मुलगा म्हणतो, "आई, आता तू मोकळीच आहेस, पुण्याला ये, पिलूला सांभाळ."

जायचं असेल तर आनंदाने जा, पण मुदत ठरवून: तीन महिने, सहा महिने. आणि नाशिकचं घर बंद करून टाकू नका. नोकरीत पस्तीस वर्षं सकाळी साडेपाचला उठलेल्या बाईला आता गोदाकाठी फिरायला जायचं असेल, गाणं शिकायचं असेल, नुसतं पेपर वाचत बसायचं असेल, तर तो तिचा हक्क आहे. मुलाला "नाही" म्हणणं जड जातं, म्हणून "हे जमेल, हे जमणार नाही" अशी यादी फोनवरच सांगा: दुपारी सांभाळेन, रात्रीचं उठणं तुम्ही. नातवंडाची ओढ खरी असते, आणि कंबरदुखीही.

१५. आई पंचवटीत एकटी, सासरे आमच्याकडे आजारी, मी नोकरीत. भाऊ म्हणतो, "तू जवळ आहेस ना."

जवळ असणं म्हणजे एकटीने करणं नव्हे. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलगा आणि मुलगी दोघांवर आहे, आणि "अपत्य" या व्याख्येत सुनेचं नाव नाही. म्हणजे तुमच्या आईची जबाबदारी तुमची आणि भावाची, सासऱ्यांची जबाबदारी नवऱ्याची आणि नणंदेची. घरात कायदा दाखवून कोणी प्रेमाने वागत नाही, हे मलाही समजतं. पण "माझ्याच डोक्यावर का?" असं वाटतं तेव्हा ते वाटणं चुकीचं नाही, एवढं तरी यातून कळतं.

भावाला लांबून करता येतील अशी पूर्ण खाती द्या: औषधं घरपोच मागवणं, विम्याची कागदपत्रं, दिवसपाळीच्या बाईचा पगार, रोज संध्याकाळी आईला फोन. दवाखान्याच्या प्रत्येक तारखेला सुट्टी तुम्हीच घेत असाल तर एका आड एक तारीख नवऱ्याने घ्यावी. पुरुषाने वडिलांसाठी रजा मागितली की साहेब देतात, असा माझा अनुभव आहे. आणि त्याने ती मागितलेली मुलांनी बघितलेली बरी.

१६. नाशिकला घर म्हणजे पाहुणे. त्र्यंबकची पूजा, वणीचा गड, शिर्डी. आणि आता सिंहस्थ!

खरं आहे, हा आपल्याच गावाचा प्रश्न आहे. सिंहस्थाचं ध्वजारोहण ऑक्टोबर २०२६ अखेर आणि अमृतस्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात आहेत. त्या महिन्यांत गर्दीमुळे कामावर पोचणंच अवघड होईल. रजा, घरून काम, मुलांची शाळा हे आत्तापासून कामावर बोलून ठेवा. पाहुण्यांना "या, राहा, पण स्वयंपाकाला बाई लावली आहे आणि मी नऊला निघते" असं फोनवरच सांगावं. जवळचे लोक समजून घेतात.

१७. मी एकटी आहे, लग्न केलेलं नाही. सुट्टीच्या दिवशी काम आलं की "तुला काय, घरी कोण वाट बघतंय?"

या बायकांबद्दल फार कमी बोललं जातं. मुलं असलेल्या सहकाऱ्यांना सवलत मिळायलाच हवी, पण तिचा भार दर वेळी त्याच एका बाईवर का? "या दिवाळीला मी थांबले, पुढच्या दिवाळीला नाही" असं लेखी ठेवा. सुट्टी कशासाठी हवी हे सांगायची गरज नाही. "काम आहे" पुरे. विधवा आणि घटस्फोटित बायकांना याच्या जोडीला घरचे सगळे व्यवहार एकटीने बघावे लागतात, त्यांच्यासाठी प्रश्न १५ मधली भावा-बहिणींची वाटणी जास्तच लागू आहे.

१८. आम्ही निफाडचे शेतकरी. द्राक्षबाग आणि कांदा. आम्हाला कुठली रजा?

रजा नाही, पण हंगाम आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर विरळणी, डिपिंग (घड संजीवकाच्या पाण्यात बुडवणं), मग फेब्रुवारी ते एप्रिल काढणी, एप्रिलमध्येच खरड छाटणी, आणि मधे उन्हाळ कांद्याची लागवड व काढणी. या दिवसांत बाई बागेत मजुरांइतकं काम करते आणि मजुरांचा चहाही तीच करते. दवाखान्याची तपासणी, दातांचं काम, माहेरपण हे ऑक्टोबर छाटणीच्या आधीच्या, त्यामानाने हलक्या आठवड्यांत ठरवून टाका. काढणीच्या महिन्यांत स्वयंपाकाला बाई लावण्याचा खर्च बागेच्या खर्चात धरा, औषध फवारणीसारखाच. सातबाऱ्यावर तुमचं नाव नसेल तर लक्ष्मी मुक्ती योजनेखाली नवऱ्याच्या संमतीने सहधारक म्हणून लावता येतं, तलाठ्याकडे विचारा.

पेठ-सुरगाण्याहून बागांवर कामाला येणाऱ्या गरोदर बायकांसाठी: प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र महिलेला पहिल्या बाळासाठी दोन हप्त्यांत ५,००० रुपये आणि दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६,००० रुपये मिळतात. बँक खातं आधारशी जोडलेलं हवं. गावाच्या अंगणवाडीत नाव असेल तरी काम चालू आहे त्या गावच्या आशाताईंना सांगून ठेवा, लसी आणि तपासण्या चुकू नयेत म्हणून.

१९. मी स्वखुशीने नोकरी सोडून घरी राहतेय. सगळ्या म्हणतात, शिक्षण वाया घालवलंस.

तुम्हाला खरंच हवं असेल तर उत्तम. मी फक्त पैशांचं विचारेन. तुमच्या एकटीच्या नावावर बँक खातं आहे का आणि त्यात दरमहा ठरलेली रक्कम येते का? घर घेताय तर तुमचं नाव लावताय का? महाराष्ट्रात बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. आरोग्य विमा तुमच्या नावाने आहे का? याची उत्तरं "हो" असतील तर मैत्रिणींचं मनावर घेऊ नका.

२०. पगार माझा, पण एटीएम कार्ड नवऱ्याकडे. घरात वाटणीचं बोललं की मारायला धावतो. मी काय समतोल साधणार?

तुमच्यासाठी वरची कुठलीच उत्तरं आधी नाहीत. कमाई काढून घेणं, खर्चाला पैसे न देणं हा २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळ आहे. मारहाणीची वाट बघायची गरज नाही. १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करा किंवा जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे जा, वकील न लावताही तिथे तक्रार नोंदवता येते. नवीन खातं दुसऱ्या बँकेत उघडा आणि पगार तिकडे वळवायला कामावर अर्ज द्या, पण घरातून बाहेर पडण्याची सोय झाल्याशिवाय त्याला ते कळू देऊ नका. शैक्षणिक कागदपत्रं, आधार, मुलांचे जन्मदाखले यांच्या प्रती माहेरी किंवा विश्वासाच्या मैत्रिणीकडे ठेवा. नोकरी मात्र सोडू नका. तो तीच सोडायला सांगत असेल तरी.